गर्दीला मन असते काय?

(हीरकमहोत्सवी व्याख्यानमालेतील व्याख्यानाचा मजकूर)



दहावी-बारावीनंतर मुलाने किंवा मुलीने मानसशास्त्र घेण्याचे मनात आणले, की घरात दोन प्रश्न हमखास उभे राहतात. पहिला, 'हे शिकून पुढे काय?' आणि दुसरा, 'माणसे कशी वागतात हे कळायला पुस्तक कशाला हवे? ते तर जगात वावरताना आपोआप कळते.' पहिल्या प्रश्नाचे उत्तर ज्याचे त्याने शोधावे. दुसरा प्रश्न मात्र अधिक खोल आहे. कारण माणसांविषयी जे 'आपोआप कळते', त्यातील बरेचसे चुकीचे असते, हे दाखवून देणे हेच महाविद्यालयाच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षी शिकवल्या जाणाऱ्या सामाजिक मानसशास्त्राचे मुख्य काम आहे.

एकटा माणूस आणि इतरांच्या सान्निध्यातील माणूस यांच्या वागण्यात जो फरक पडतो, त्याचा अभ्यास म्हणजे सामाजिक मानसशास्त्र. पाठ्यपुस्तकाची सुरुवात बहुधा १८९८ सालच्या नॉर्मन ट्रिप्लेट यांच्या प्रयोगाने होते. सोबतीला दुसरे मूल असले की बरीच मुले मासेमारीच्या गळाची चकरी अधिक वेगाने फिरवतात, असे त्यांना आढळले. पुढे १९५१ मध्ये सॉलोमन ॲश यांनी दाखवले, की समोरच्या रेषेची लांबी डोळ्यांना स्पष्ट दिसत असूनही, भोवतालचे सर्वजण एकमुखाने चुकीचे उत्तर देऊ लागले, तर सुमारे एक तृतीयांश वेळा माणूस त्यांच्या सुरात सूर मिसळतो. विद्यार्थी हे सारे वाचतो, परीक्षेत लिहितो आणि बहुधा असे समजतो, की ही दूरच्या अमेरिकेतील प्रयोगशाळांची गोष्ट आहे. या विषयाचा खरा धडा मात्र आपल्याकडच्या रस्त्यांवरही मिळतो. त्यासाठी बंगळूरच्या दक्षिणेकडील एका औद्योगिक वसाहतीकडे पाहावे लागेल.

बंगळूरहून होसूरकडे जाणाऱ्या महामार्गावर इलेक्ट्रॉनिक्स सिटी मागे पडली, की हेब्बगोडी लागते आणि त्यापुढे बोम्मसंद्रा. आनेकल तालुक्यातील या गावाभोवती औषधनिर्मितीपासून यंत्रांच्या सुट्या भागांपर्यंत नाना प्रकारचे कारखाने उभे आहेत. ऑगस्ट २०२५ पासून मेट्रोची पिवळी मार्गिका थेट येथपर्यंत धावू लागली आहे. याच होसूर रस्त्याच्या पट्ट्यात तयार कपडे शिवणारे कारखाने आहेत. त्यांत काम करणाऱ्यांमध्ये बहुसंख्य स्त्रिया आहेत. कोणी जवळच्या खेड्यांतून येते, कोणी दूरच्या जिल्ह्यातून वा शेजारच्या राज्यातून येऊन येथे स्थिरावलेली असते. भाषा वेगळ्या, जाती वेगळ्या, कारखाने वेगळे.

फेब्रुवारी २०१६ मध्ये केंद्र सरकारने भविष्यनिर्वाह निधीच्या, म्हणजे सर्वांच्या बोलण्यातील 'पीएफ'च्या, नियमांत बदल जाहीर केला. नोकरी सुटल्यावर कामगाराला आपला स्वतःचा वाटा काढता येईल, परंतु मालकाने भरलेला वाटा वयाची ५८ वर्षे पूर्ण होईपर्यंत हाती येणार नाही, असे त्याचे स्वरूप होते. कार्यालयात कायम नोकरी करणाऱ्याला ही तरतूद म्हातारपणाची काठी वाटली असेल. शिवणयंत्रावर बसणाऱ्या स्त्रीचा हिशेब निराळा होता. वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षापर्यंत त्या कामावर टिकणे फार थोड्यांच्या नशिबी असते. काही वर्षे काम करायचे, नोकरी सोडायची, पीएफ काढायचा आणि त्यातून मुलांची फी, घरातले लग्न किंवा डोक्यावरचे कर्ज भागवायचे, ही तिची रीत. नव्या नियमाने नेमकी त्या आधारालाच कुलूप लागणार होते.

१८ एप्रिल २०१६, सोमवार. बोम्मनहळ्ळी येथील कारखान्यांतून हजारो स्त्रिया बाहेर पडल्या आणि त्यांनी होसूर रस्ता अडवला. कोणत्याही मोठ्या संघटनेने हाक दिलेली नव्हती. दुसऱ्या दिवशी आंदोलन हेब्बगोडी-बोम्मसंद्रा परिसरात आणि शहराच्या दुसऱ्या टोकाला तुमकूर रस्त्यापर्यंत पसरले. त्या दिवशी दगडफेक झाली, बसगाड्या जळाल्या, हेब्बगोडी पोलीस ठाण्याच्या आवारातील वाहनांना आग लागली. पोलिसांनी लाठ्या चालवल्या, अश्रुधुराची नळकांडी फोडली. त्याच दिवशी केंद्र सरकारने तो बदल मागे घेतला.

या दोन दिवसांचा अर्थ कसा लावायचा? वाहतुकीत तासन्‌तास अडकलेल्या माणसाचे उत्तर ठरलेले असते : 'गर्दीला अक्कल नसते.' हे उत्तर नवे नाही. फ्रेंच लेखक गुस्ताव ल बाँ यांनी १८९५ साली गर्दीच्या मानसशास्त्रावर ग्रंथ लिहून तेच सांगितले. गर्दीत शिरलेला माणूस आपला विवेक गमावतो, संस्कृतीच्या काही पायऱ्या खाली उतरतो आणि एखाद्या साथीच्या रोगासारखी भावना एकाकडून दुसऱ्याकडे पसरते, असे त्यांचे प्रतिपादन. गर्दीचे दुर्गुण त्यांना 'रानटी' माणसांत, मुलांत आणि स्त्रियांतही दिसत. होसूर रस्त्यावरील त्या स्त्रियांविषयी ल बाँ यांनी काय लिहिले असते, हे सांगायला नको.

या समजुतीला धक्का दिला तो प्रत्यक्ष निरीक्षणाने. एप्रिल १९८० मध्ये इंग्लंडातील ब्रिस्टल शहराच्या सेंट पॉल्स भागात दंगल झाली. स्टीफन रायकर या तरुण संशोधकाने तिचा बारकाईने अभ्यास करून १९८४ मध्ये निष्कर्ष मांडले. ती गर्दी आंधळी नव्हती. लोकांनी पोलिसांवर आणि बँकेसारख्या संस्थांवर हल्ले केले, परंतु शेजाऱ्यांची घरे व त्यांची छोटी दुकाने सर्वसाधारणपणे सुरक्षित राहिली. इतकेच नव्हे, तर काहींनी रस्त्यावरची वाहतूकही सांभाळली. गर्दीत माणूस स्वत्व हरवत नाही. तो 'मी'कडून 'आम्ही'कडे सरकतो. त्या 'आम्ही'ची व्याख्या काय, 'ते' म्हणजे कोण आणि योग्य काय, यावर गर्दीचे वागणे अवलंबून असते.

आता बोम्मसंद्र्याच्या रस्त्याकडे पुन्हा पाहावे. आदल्या आठवड्यापर्यंत ज्या स्त्रिया निरनिराळ्या कारखान्यांच्या, निरनिराळ्या भाषांच्या होत्या, त्यांना एका नियमाने एकाच रांगेत आणून उभे केले. त्यांना एकत्र आणणारी शक्ती जशी भावनेची होती, तशीच हिशेबाचीही होती. याचा अर्थ जाळपोळ क्षम्य ठरते असा मुळीच नाही. कारण सांगणे आणि समर्थन करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हेही या विषयाच्या पहिल्याच वर्षी शिकावे लागते. परंतु कारण समजून न घेता केवळ 'गर्दी पिसाळली' असे म्हणून थांबणाऱ्याला पुढची जाळपोळ टाळता येत नाही.

मराठी माणसाला तर ल बाँ यांच्या सिद्धांतावर शंका घ्यायला दरवर्षी आषाढात संधी मिळते. आळंदीहून आणि देहूहून निघणारे लाखो वारकरी दिंड्यांच्या शिस्तीने पंढरपुरापर्यंत चालत जातात. प्रयागच्या माघमेळ्यात महिनाभर थंडीत, गोंगाटात राहणाऱ्या कल्पवासींचा अभ्यास भारतीय व ब्रिटिश मानसशास्त्रज्ञांनी मिळून केला. मेळ्याला न गेलेल्या तशाच लोकांशी तुलना करता, मेळ्यानंतर कल्पवासींना स्वतःचे आरोग्य व समाधान वाढल्याचे जाणवले, असे २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधात दिसते. उलट, २५ जानेवारी २००५ रोजी सातारा जिल्ह्यातील मांढरदेव येथे चेंगराचेंगरीत २९० हून अधिक भाविकांचे प्राण गेले. ४ जून २०२५ रोजी बंगळूरच्या क्रीडांगणाबाहेर क्रिकेटविजयाच्या जल्लोषात अकरा जण दगावले. अशा प्रसंगी 'लोक बेभान झाले' असे म्हणणे सोपे असते. पण एका चौरस मीटरमध्ये सहा-सात माणसे दाटली, की कोणाच्याही पावलांवर त्याचे नियंत्रण उरत नाही. मग प्रश्न वाटेची रुंदी, पायऱ्या आणि नियोजन यांचा असतो. माणसांच्या स्वभावाचा नव्हे.

स्वभाव आणि परिस्थिती यांची ही गल्लत इतकी सार्वत्रिक आहे, की ली रॉस यांनी १९७७ मध्ये तिला स्वतंत्र नाव दिले. मराठीत तिला 'मूलभूत गुणारोपण-दोष' म्हणता येईल. दुसऱ्याची चूक त्याच्या स्वभावाच्या खात्यावर मांडायची आणि स्वतःची परिस्थितीच्या खात्यावर, असा तो जमाखर्च. मुलाला गणितात गुण कमी पडले, की 'आळशी आहे' हे निदान तत्काळ होते. फळा दिसतो का, झोप पुरते का, शेजारी कोण बसते, हे प्रश्न नंतर येतात, किंवा येतच नाहीत. पालकांनी या विषयातले एवढे एक प्रकरण जरी वाचले, तरी घरातले बरेच वाद सौम्य होतील.

बंगळूरचेच दुसरे उदाहरण अफवेचे आहे. जुलै २०१२ मध्ये आसामात कोक्राझार भागात हिंसाचार झाला. ऑगस्टमध्ये बंगळूरला राहणाऱ्या ईशान्येकडील विद्यार्थ्यांना व कामगारांना, येथेही हल्ले होणार, असे सांगणारे संदेश भ्रमणध्वनीवरून येऊ लागले. १५ ऑगस्टच्या संध्याकाळी रेल्वेस्थानक माणसांनी भरून गेले. मंत्री आणि पोलीस अधिकारी 'जाऊ नका' म्हणून विनवीत होते, आणि गुवाहाटीकडे जादा गाड्या सोडाव्या लागत होत्या. हजारो लोक शहर सोडून गेले. पुण्यातूनही अनेकांनी गाव गाठले. अखेर केंद्र सरकारने देशभर दिवसाला पाचच लघुसंदेश पाठवण्याची मर्यादा काही दिवसांसाठी घातली.

हे लोक भोळे होते काय? गॉर्डन ऑलपोर्ट आणि लिओ पोस्टमन यांनी १९४७ मध्ये अफवेचे साधे गणित मांडले : विषयाचे महत्त्व गुणिले माहितीची संदिग्धता. प्राणाचा प्रश्न, परके शहर, परकी भाषा आणि विश्वासाने विचारावे असे कोणी नाही. दोन्ही संख्या मोठ्या होत्या, तेव्हा गुणाकारही मोठा आला. याच विषयातला पाया घालणारे काम एका भारतीयाचे आहे. १५ जानेवारी १९३४ च्या बिहार भूकंपानंतर जमुना प्रसाद यांनी अफवा गोळा केल्या. ज्यांना हादरे बसले पण ज्यांचे काही पडझडले नाही, त्या लोकांत आणखी भयंकर संकटाच्या अफवा पिकत होत्या. भीती मनात होती, पण तिला साजेसे कारण समोर नव्हते. अफवेने ते पुरवले. अमेरिकेतील लिऑन फेस्टिंगर यांनी हे वाचले, दुर्गानंद सिन्हा यांचे दार्जिलिंगच्या दरडींविषयीचे काम त्याच्याशी ताडून पाहिले, आणि विचारांतील विसंगती माणसाला अस्वस्थ करते, हा त्यांचा १९५७ सालचा सिद्धांत घडण्यास त्याची मदत झाली. आज जगभर शिकवल्या जाणाऱ्या त्या सिद्धांताच्या मुळाशी बिहारची भेगाळलेली जमीन आहे, हे आपल्याकडील किती विद्यार्थ्यांना ठाऊक असते?

मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्याला हा विषय महाविद्यालयात बहुधा इंग्रजीतून शिकावा लागतो. पहिले काही महिने परिभाषेशी झुंजण्यात जातात. तेव्हा मातृभाषा त्याच्या पाठीशी उभी राहू शकते. 'पूर्वग्रह' म्हटले, की तपासण्याआधी घेऊन टाकलेले मत, हा अर्थ शब्दातच उलगडतो. इंग्रजी संज्ञा पाठ करावी, पण ती आधी मराठीत समजून घ्यावी, म्हणजे ती परीक्षेनंतरही टिकते.

या अभ्यासाची गरज केवळ परीक्षेपुरती नाही. मराठी शाळांतून बाहेर पडलेली मुले कामासाठी बंगळूरसारख्या शहरांत जातात, तेव्हा तीही कोणाच्या तरी दृष्टीने 'बाहेरची' ठरतात. आणि जी गावातच राहतात, त्यांच्या शेजारी कोणी तरी 'बाहेरचा' येऊन राहतो. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून पाच निरपराध भटक्या माणसांना जमावाने ठार मारले. मंगळवेढ्याकडून पोट भरायला आलेली ती माणसे. तेथेही एक 'आम्ही' तयार झाला होता, पण त्यात त्या पाच जणांना जागा नव्हती. मारणाऱ्यांचा अपराध त्यामुळे कमी होत नाही. मात्र असा 'आम्ही' कसा घडतो, हे ज्याला कळते, त्याला तो वेळीच रोखता येतो.

ॲश यांच्या प्रयोगाचा एक भाग पाठ्यपुस्तकांत थोडक्यात आटोपला जातो. एकमुखाने चुकीचे बोलणाऱ्या त्या समूहात एका माणसाला खरे उत्तर द्यायला सांगितले गेले. एकाच माणसाला. तेवढ्याने समूहापुढे मान तुकवण्याचे प्रमाण एक तृतीयांशावरून सुमारे पाच टक्क्यांवर आले. मित्रांच्या, नातलगांच्या किंवा वर्गबंधूंच्या व्हॉट्सॲप गटावर एखादा भयंकर संदेश येतो, तेव्हा 'हे कुठून कळले?' असे शांतपणे विचारणारा एक जण पुरेसा असतो. साठ वर्षे या शाळेने मुलांना वर्गात हात वर करून प्रश्न विचारायला शिकवले आहे. ती सवय मोठेपणी, भोवती सगळे एकच बोलत असताना, टिकून राहावी, हीच हीरकमहोत्सवानिमित्त सर्वांना शुभेच्छा.