नर उंदरांना झालेला स्तनाचा कॅन्सर

पेडण्यात काय, डिचोलीत काय, कुणाच्या छातीत गाठ निघाली की घरची माणसं म्हणतात, “आमच्या घराण्यात हे नव्हतं, मग आलं कुठून?” रास्त प्रश्न आहे. त्याच्या उत्तराचा एक धागा उंदरांनी दिला.

१९३२ साली पॅरिसमध्ये लाकासान्य या संशोधकांनी नर उंदरांना स्त्रियांचं हॉर्मोन, म्हणजे इस्ट्रोजेन टोचलं. त्यांच्या वाणात माद्यांना स्तनाचा कॅन्सर होत असे. आता तो नरांनाही झाला!

मुंबईत कॅन्सरवरच्या अशा संशोधनाची घडी बसवली ती गोमंतक मराठा समाजातल्या डॉ. वसंत रामजी खानोलकरांनी आणि त्यांच्या विद्यार्थिनी कमल रणदिवे यांनी. कमलताई मूळच्या पुण्याच्या, एम.एस्सी.ला त्यांनी अभ्यासली होती सीताफळाच्या कुळातली गुणसूत्रं! १९४९ साली पीएच.डी. झाल्यावर त्या अमेरिकेत जाऊन आल्या आणि इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरमध्ये त्यांनी ऊती-संवर्धनाची प्रयोगशाळा उभारली. उंदराचा अनुवंश, त्याची हॉर्मोन्स आणि आईच्या दुधातून येणारा विषाणू, या तिघांचं संगनमत त्यांनी तपासलं. एकट्याला गुन्हेगार ठरवायचं नाही, ही त्यांची दृष्टी मला फार मोलाची वाटते.

पण हॉर्मोन पेशीत करतं काय? एसीआय वाणाच्या रॅट माद्यांना महिनोन्‌महिने इस्ट्रोजेन दिलं, तेव्हा स्तनातल्या पेशी भराभर विभागू लागल्या. विभागणीत गुणसूत्रांची वाटणी नीट करायची असते. इथे ‘ऑरोरा-ए’ हे वाटणीवर देखरेख करणारं प्रथिन बेसुमार वाढलं, आणि गाठीतल्या पेशींत गुणसूत्रं कमीजास्त निघाली. सोबत इस्ट्रोजेनला अडवणारं टॅमॉक्सिफेन हे औषध दिलं, तर हा गोंधळच टळला. अर्थात ही मात्रा उंदरांची. हे ऐकून कुणी डॉक्टरांना न विचारता आपल्या हॉर्मोनच्या गोळ्या बंद करू नयेत.

पण कॅन्सर होताना दर वेळी जनुकाची अक्षरं बदलतातच असं नाही. एकेकाळी गर्भपात टाळण्यासाठी डीईएस नावाचं कृत्रिम इस्ट्रोजेन देत. त्या आयांच्या काही मुलींना तरुणपणीच योनीमार्गाचा दुर्मिळ कॅन्सर झाल्याचं १९७१ साली बोस्टनमध्ये उघड झालं. पुढे उंदरांच्या नवजात माद्यांना तेच औषध जन्मानंतरचे पाच दिवस टोचलं, तेव्हा गर्भाशयातल्या एका जनुकावरच्या रासायनिक खुणा पुसलेल्या आढळल्या, आणि मोठेपणी तिथे गाठी झाल्या. मात्र वयात येण्याआधीच अंडाशय काढलेल्या माद्यांना त्या झाल्या नाहीत.