हाडांना विचारून व्यायाम



माझा स्तनाचा कर्करोग मणक्यांत आणि खुब्याच्या हाडात पसरला आहे, हे आता तुम्हां सर्वांना ठाऊक आहे. तेव्हापासून तुमचे प्रेमाचे सल्ले येतात. काही म्हणतात, "पूर्ण विश्रांती घे." काही म्हणतात, "रोज बारा सूर्यनमस्कार घाल." अशा दुखण्यात हे दोन्ही सल्ले धोक्याचे ठरू शकतात, म्हणून आज त्यावरच बोलते.

नुसतं पडून राहिलं की स्नायू झिजतात, थकवा वाढतो, तोल जातो. आणि पोखरलेलं हाड साध्या पडण्यानेही मोडतं. सूर्यनमस्कार मला पी.टी.च्या सरांमुळे अजून पाठ आहेत. पण त्यांत कमरेतून पूर्ण वाकणं आणि मागे कमान करणं, दोन्ही येतं. कमजोर मणक्यांना ते झेपत नाही. पाठीला पीळ देणं, उड्या मारणं, जड वजन उचलणंही नको.

मग करायचं काय? आधी डॉक्टरांना विचारायचं: कोणतं हाड, किती पोखरलंय, त्यावर भार चालेल का? हातापायांच्या लांब हाडांसाठी १९८९ सालची मिरेल्स गुणपद्धत आहे. गाठीची जागा, आकार, दुखणं आणि हाडाचं स्वरूप यांना मिळून १२ पैकी गुण देतात. ९ किंवा जास्त आले, तर हाड मोडण्याआधीच शस्त्रक्रियेने पक्कं करण्याचा विचार होतो. आपल्या प्रगतिपुस्तकाच्या उलट, इथे कमी गुण चांगले!

२०२२ साली तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय गटानेही हेच सांगितलं: व्यायाम सरसकट बंद करू नका, धोका तपासून करा.

फिजिओथेरपिस्टने आखून दिल्याप्रमाणे मी सपाट रस्त्यावर चालते, खुर्चीतून सावकाश उठबस करते. पाठ सरळ ठेवते. पाय टेकताना नवीन दुखलं, की थांबून डॉक्टरांना कळवते. आणि पाय बधिर किंवा लुळे पडले, लघवी-शौचावरचा ताबा सुटला, तर मज्जारज्जूवर दाब आलेला असू शकतो. तेव्हा सकाळची वाट बघायची नाही, लगेच रुग्णालय गाठायचं.

तुमच्याही घरी-शेजारी असं कुणी असेल. सल्ला देण्याआधी एवढंच विचारा, "डॉक्टरांनी काय चालेल म्हणून सांगितलंय?" मग त्यांच्याबरोबर, त्यांच्या चालीने, चार पावलं चाला. त्याने फार बळ येतं, हे मी अनुभवाने सांगते.