जजची खुर्ची रिंगपासून किती दूर?

मालाडला जमलेल्या रेफ्री, जज आणि प्रशिक्षक मंडळींनो,

देशातली पहिली राष्ट्रीय बॉक्सिंग स्पर्धा १९५० साली आपल्याच मुंबईत, ब्रेबॉर्न स्टेडियमवर झाली. त्यानंतर गुण देण्याच्या पद्धती कितीदा तरी बदलल्या, पण जजची खुर्ची रिंगच्या कडेची हलली नाही. कोविडच्या काळात वर्ल्ड बॉक्सिंग कौन्सिलने जजना घरी पडद्यासमोर बसवून पाहिले. तो प्रयोग आपल्या कामाचा आहे का, एवढेच आज तपासायचे आहे.

टोकियो ऑलिंपिकमध्ये २९ जुलै २०२१ रोजी मेरी कोम कोलंबियाच्या इन्ग्रिट व्हॅलेन्सियाकडून ३-२ अशी हरली. शेवटच्या दोन फेऱ्या बहुसंख्य जजनी मेरीलाच दिल्या होत्या. पहिली ४-१ अशी गेली, तिथेच घात झाला. कोणाच्या प्रामाणिकपणावर शंका घ्यायचे कारण नाही. जज बसतो खाली आणि पाहतो वर. मध्येच रेफ्रीची पाठ आडवी येते, आणि ग्लोव्हवर अडलेला ठोसा पलीकडून जबड्यावर बसल्यासारखा दिसतो. चारही बाजूंचे कॅमेरे हा दोष नक्की कमी करतील.

गोंगाटाचे काय? २०१२ साली मुए थाईच्या जजवर झालेल्या एका अभ्यासात प्रेक्षकांचा आवाज कानी पडला की गुण यजमान खेळाडूकडे झुकतात, असे आढळले. इंचॉनच्या २०१४ च्या आशियाई स्पर्धेत सरिता देवी यजमान कोरियाच्या पार्क जी-नाकडून ०-३ हरली, तिने कांस्यपदक नाकारले आणि वर्षभराची बंदी ओढवून घेतली. बंद खोलीत, समालोचनाविना बसलेल्या जजनी हाच निकाल दिला असता का, हे कोणीच सांगू शकणार नाही; पण निदान प्रेक्षकांच्या आरोळ्यांवर संशय घेता आला नसता.

तरी कॅमेऱ्याला देव्हाऱ्यात बसवू नये. सपाट पडद्यावर अंतर फसवे दिसते, ठोशाचे वजन तर कळतच नाही. यंत्राचा उपाय पूर्वीही फसला आहे. सोल १९८८ च्या अंतिम लढतीत अमेरिकेच्या रॉय जोन्सवर उघड अन्याय झाला, म्हणून बार्सिलोनापासून बटणांचे यंत्र आले: पाचपैकी तीन जजनी एका सेकंदात बटण दाबले तरच गुण. खेळाडू मग सुटे, दिसतील असे ठोसे मारू लागले, पोटावरचे मारे वाया गेले आणि २०१३ मध्ये ते यंत्रही गेले. रिओ २०१६ बद्दलच्या मॅक्लारेन अहवालाने तर निकाल फिरवणारी माणसेच समोर आणली. जज कुठे बसावा हे ठरवणारेच संशयित असतील, तर खोली कितीही लांब असो, फोन तिथेही वाजतो.

चित्रफीत आपल्या बाजूनेच बोलेल, हाही भ्रम नको. लंडन २०१२ मध्ये विकास कृष्णन अमेरिकेच्या एरल स्पेन्सवर १३-११ असा जिंकला होता. तक्रारीनंतर लढत पुन्हा पाहिली गेली, विकासने प्रतिस्पर्ध्याला वारंवार धरल्याचे फाउल मोजले गेले आणि निकाल १५-१३ असा उलटला. कटू होते, पण नियमाला धरून होते.

म्हणून राष्ट्रीय पातळीच्या अंतिम लढतींना पाचपैकी दोन जज वेगवेगळ्या खोल्यांत बसवून पाहावेत. कॅमेरे स्थिर, फेरी चालू असताना रिप्ले नाही. मांडव घालून होणाऱ्या जिल्हा स्पर्धेला हा खर्च झेपणार नाही. तिथे समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांत दोन मोबाइल उभे करावेत, प्रत्येक जजचे फेरीनिहाय गुण चित्रफितीसोबत जपावेत, आणि पुढच्या स्पर्धेच्या नेमणुका ते पाहूनच कराव्यात. उपनगरातल्या संघटनांनी येत्या हंगामापासून एवढे सुरू करावे, असा या व्यासपीठाचा प्रस्ताव आहे.