अंतरपाटाच्या दोन बाजू

श्रोतेहो, तुळशीची लग्ने आटोपली, की मुलुंडपासून बोरिवलीपर्यंत आपल्या उपनगरांतल्या मंगल कार्यालयांच्या दारी पुन्हा रांगोळ्या उमटू लागतात, आणि ज्या घरी यंदा कार्य निघाले आहे त्या घरी खर्चाची एक वही उघडली जाते. कार्यालयाचे भाडे, आचाऱ्याचा ताटामागे दर, गुरुजींची दक्षिणा, सनई-चौघडा, मानपान, या प्रत्येक रकमेविषयी वडीलधाऱ्यांना काही ना काही अंदाज असतो, कारण ही बोलणी त्यांनी पूर्वी स्वतः केलेली असतात. परंतु ‘फोटोग्राफर’ या शब्दासमोर आकडा मांडायची वेळ आली, की लिहिणाऱ्याचा हात अडतो. एकजण चाळीस हजार सांगतो, दुसरा दीड लाख सांगतो, आणि तिसरा विचारतो, की हल्ली ज्याच्या त्याच्या खिशात कॅमेरा असताना एवढे पैसे द्यायचे तरी कशाचे? हा प्रश्न प्रामाणिक आहे, आणि त्याचे तितकेच प्रामाणिक उत्तर शोधावे, एवढाच आजच्या भाषणाचा हेतू आहे.

मुंबईला छायाचित्रणाची ओळख फार जुनी. १८५४ साली येथे ‘फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे’ स्थापन झाली, डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिच्या आरंभीच्या एतद्देशीय छायाचित्रकारांपैकी एक होते. त्या काळी काचेवर रसायनाचा लेप द्यायचा, आणि तो ओला आहे तोवरच चित्र घेऊन ते धुऊन काढायचे, अशी रीत असल्यामुळे भर मंडपात अक्षता पडत असतानाचे चित्र निघणे दुरापास्तच होते. वधूवरांनी खुर्च्यांवर निश्चल बसून काढवून घेतलेली तसबीर हेच पुष्कळ वर्षे लग्नाचे छायाचित्र ठरले. पुढे फिल्मचा रोल आला, छायाचित्रकार मंडपात शिरला, आणि हिशेबाची एक सोपी रीत रूढ झाली. एका रोलमध्ये ३६ चित्रे. रोल इतके आणि दर कॉपीला इतके पैसे, हे गिऱ्हाइकाला तोंडपाठ असे. पैसे मालाचे दिल्यासारखे वाटत, आणि त्या मालामागे माणसाचे अवधान उभे आहे, याचा फारसा विचार कोणी करीत नसे.

त्या अवधानाची किंमत मला माझ्याच लग्नात कळली. आमच्या छायाचित्रकाराने एक रोल संपला म्हणून घाईघाईने दुसरा घातला, त्याची कड कॅमेऱ्यातल्या दात्यांत बसलीच नाही, आणि मंगलाष्टकांपासून सप्तपदीपर्यंतचा सारा विधी त्याने एका न सरकणाऱ्या फिल्मवर टिपला. त्याने विसार परत केला, हात जोडून क्षमा मागितली; पण माझ्या डोक्यावर अक्षता टाकताना माझी आई कशी दिसत होती, हे मला आजतागायत ठाऊक नाही, कारण मी अंतरपाटाकडे पाहत होतो आणि ती माझ्या पाठीमागे उभी होती.

आता रोल गेले. बोट दाबायला वेगळा पैसा पडत नाही, आणि म्हणूनच छायाचित्राला खर्चच येत नाही असा समज पसरला. वस्तुतः खर्च नाहीसा झालेला नाही, तो केवळ दृष्टीआड झाला आहे. गेल्या हंगामात माझ्या पुतणीचे लग्न मुलुंडला ठरले, तेव्हा माझ्या भावाने तीन ठिकाणचे दर आणले. पहिला ४५,०००, दुसरा ९०,००० आणि तिसरा १,६०,००० रुपये. पाहता पाहता पहिल्यावर खूण झाली असती; परंतु मधला दर सांगणारा घाटकोपरचा छायाचित्रकार सज्जन होता. त्याने आम्हांला दुकानात बसवून घेतले, एका वापरलेल्या पाकिटाची मागची बाजू पुढे ओढली, आणि आपल्या ९०,००० रुपयांची फोड करून दाखविली. हळदीची संध्याकाळ आणि लग्नाचा पूर्ण दिवस मिळून माणसांचा मेहनताना ३२,०००, आणि त्यात दुसऱ्या छायाचित्रकाराचे १०,०००. चित्रांची निवड, रंगदुरुस्ती आणि व्हिडिओचे संकलन २०,०००. दोन अल्बमांची छपाई व बांधणी १४,०००. प्रवास, खाणेपिणे आणि साठवणीच्या डिस्क ५,०००. कॅमेरे, भिंगे आणि दिवे यांची झीज व दुरुस्ती ९,०००. उरलेल्या १०,००० मध्ये दुकानाचे भाडे, विजेचे बिल आणि त्याची स्वतःची मिळकत. हे आकडे एका दुकानाचे आणि एका लग्नाचे आहेत, ते बाजारभाव म्हणून कोणी घेऊ नयेत. पण त्या पाकिटाने आम्हांला विचारायचे काय, ते शिकविले.

कारण तीच फोड घेऊन आम्ही पहिल्या माणसाकडे गेलो, तेव्हा कळले, की त्याच्या ४५,००० मध्ये हळद नव्हती, दुसरा छायाचित्रकार नव्हता आणि अल्बम एकच होता. या तीन गोष्टी मिळविताच तो आकडा ७६,००० वर गेला. तिसऱ्याच्या १,६०,००० मध्ये लग्नापूर्वीची बाहेरगावची चित्रे, ड्रोन आणि मोबाइलवर पाठवायच्या चित्रफिती होत्या, ज्यांतले आम्हांला काहीच नको होते. म्हणजे आम्ही ज्यांना एका वस्तूचे तीन भाव समजत होतो, त्या तीन निरनिराळ्या वस्तू होत्या. १९७५ साली स्थापन झालेल्या मुंबई ग्राहक पंचायतीने आपल्या उपनगरांतल्या कुटुंबांना एकत्र येऊन, माल पारखून घ्यायला शिकविले. डाळीचा दाणा दाताखाली धरून पाहणारी आपली गृहिणी छायाचित्रकारासमोर मात्र ‘एकूण किती?’ एवढेच विचारते, हे मला योग्य वाटत नाही.

श्रोतेहो, त्या पाकिटावरच्या फोडीतले माणसांचे कलम नीट पाहावे. आपल्या विवाहविधीत अंतरपाट दूर होण्याचा क्षण हा साऱ्या सोहळ्याचा गाभा आहे. शेवटचे मंगलाष्टक संपत येते, मामा मुलीच्या मागे उभा असतो, ‘सावधान’चा घोष होतो, वाजंत्री कडाडते, अक्षता कोसळतात, पट सरतो, आणि दोन माणसे एकमेकांकडे पाहतात. हे सारे दोन-तीन सेकंदांत होऊन जाते. आता जो छायाचित्रकार वराच्या बाजूला उभा आहे, त्याला वधूचा चेहरा दिसतो आणि वराची पाठ. वराचा चेहरा टिपायचा, तर दुसऱ्या बाजूला दुसराच माणूस हवा. एकाच माणसाने पटाच्या दोन्ही बाजूंना उभे राहावे, अशी विद्या कोणत्याही कॅमेऱ्यात नाही. म्हणून दुसरा छायाचित्रकार हा श्रीमंती थाट नसून, आपल्याच विधीच्या रचनेतून उद्भवलेली ती गरज आहे.

दुसरे कलम बसल्या कामाचे. लग्नाच्या एका दिवसात दोघे मिळून सहज ३,००० चित्रे घेतात. एकेका मूळ चित्राला सुमारे ३० मेगाबाइट धरले, तरी ९० गिगाबाइटचा हा ऐवज होतो, आणि कोणताही दक्ष माणूस तो निदान दोन ठिकाणी ठेवतो. चांगल्या कॅमेऱ्यात दोन कार्डे एकाच वेळी भरत जातात, तीही याच काळजीपोटी. माझ्या लग्नातला तो न सरकलेला रोल आठवला, की या दुहेरी नोंदीचे पैसे द्यायला माझा हात आखडत नाही. पुढे ती ३,००० चित्रे एकेक करून पाहायची. प्रत्येकाला पाच सेकंद दिले, तरी चार तास जातात. त्यांतून ५०० निवडायची, आणि प्रत्येकाचा उजेड, रंग व काप सुधारायला तीन मिनिटे धरली, की आणखी २५ तास होतात. व्हिडिओचे संकलन याहून वेगळे. आपण ज्याला एका दिवसाचे काम म्हणतो, ते असे आठवडाभराचे असते.

तिसरी गोष्ट पंचांगाची. चातुर्मासात आपल्याकडे विवाहाचे मुहूर्त सहसा धरीत नाहीत, आणि पुढच्या महिन्यांतही चांगला मुहूर्त असलेल्या दिवशी अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर येथली कार्यालये एकाच वेळी भरलेली असतात. कार्यालय सकाळी एका घराला आणि संध्याकाळी दुसऱ्याला देता येते. पण बोरिवलीच्या ज्या माणसाला मुलुंडच्या सव्वानऊच्या मुहूर्तासाठी सामान घेऊन जोगेश्वरी-विक्रोळी जोडरस्त्याने पहाटेच निघावे लागते, त्याचा तो सारा दिवस तुमचाच झालेला असतो. वर्षाकाठी त्याला ४० लग्ने मिळाली असे समजा. त्या ४० दिवसांवर त्याच्या बारा महिन्यांच्या भाड्याचा आणि मुलांच्या फीचा भार असतो.

याचा अर्थ मागेल ते द्यावे, असा मुळीच नव्हे. छायाचित्रांसाठी कर्ज काढणे मला मान्य नाही, आणि ज्याची ऐपत बेताची आहे, त्याने मन खट्टू करून घेण्याचे कारण नाही. काटछाट करायची, तर समारंभांत करावी, मुहूर्तावर उभ्या असलेल्या माणसांत करू नये. लग्नापूर्वीची चित्रे गाळावीत. ती हवीच असतील, तर बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानासारख्या ठिकाणी परवानगी आणि शुल्क यांची चौकशी आधी करावी. ड्रोनचे पैसे मोजण्यापूर्वी त्याची परवानगी कोण काढणार, ते विचारावे, कारण अंधेरी आणि घाटकोपर ही विमानतळाच्या शेजारची ठिकाणे आहेत आणि तेथे अशा उड्डाणांवर निर्बंध आहेत. अल्बम दोनाऐवजी एक करावा. हळदीची चित्रे भाच्याने मोबाइलवर घेतली, तरी चालतील. पण मुहूर्ताच्या आधीचा एक तास आणि नंतरचे दोन तास, एवढ्यासाठी का होईना, दोन जाणती माणसे ठेवावीत. मुहूर्ताचा दिवस सोडून लग्न करणाऱ्यांना दरात सवलत मागायलाही हरकत नाही.

आणि जे ठरेल, ते कागदावर उतरवावे. किती माणसे, किती तास, किती चित्रे दुरुस्त करून देणार, अल्बमची पाने किती, आणि तो कोणत्या मुदतीत हाती येणार, हे सारे त्यात असावे. विसार किती, लग्नाच्या दिवशी किती आणि अल्बम मिळाल्यावर किती, याचे हप्तेही लिहावेत. सांगितलेल्या दरात जीएसटी धरला आहे की नाही, हे विचारावे. ज्याला तो लागू आहे, त्याच्या बिलात १८ टक्के वाढतात, आणि ९०,००० वर हे १६,२०० रुपये होतात. आणखी एक गोष्ट पुष्कळांना माहीत नसते. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यान्वये मोबदला देऊन काढवून घेतलेल्या छायाचित्राचा पहिला मालक, उलट करार नसेल तर, ते काढवून घेणारा असतो. तेव्हा आपल्या लेकीचे चित्र जाहिरातीत वापरायची मुभा द्यायची की नाही, हे कागदावर सही करण्यापूर्वीच ठरवावे. इतके करूनही कोणी कबुली मोडली, तर जिल्हा ग्राहक आयोगाचे दार उघडे आहे, आणि मोबदला पाच लाखांच्या आत असेल, तर त्या तक्रारीला शुल्क पडत नाही.

कराराला दुसरीही बाजू असते, आणि ती आपली असते. अल्बमला उशीर झाला, म्हणून आपण तगादा लावतो. परंतु चित्रे निवडून द्यायला आपणच चार-चार महिने लावलेले असतात. घरातला एक जाणता माणूस छायाचित्रकाराच्या हाताशी द्यावा, म्हणजे थोरल्या आत्याबाई कोण आणि आजोळची मंडळी कोणती, हे त्याला विचारत फिरावे लागणार नाही. पहाटे निघालेली ही माणसे दुपारी तीनला, शेवटची पंगत उठल्यावर, गार भातावर बसतात. त्यांची पाने वेळेवर मांडणे, हे यजमानपणाचेच अंग आहे.

माझ्या पुतणीचा अल्बम दीड महिन्याने घरी आला. तो चाळता चाळता आम्ही एका पानावर थांबलो. ते चित्र दुसऱ्या छायाचित्रकाराने पटाच्या पलीकडच्या बाजूने घेतले होते. पुढे जावई, त्याच्या खांद्यावर उडालेल्या अक्षता, आणि मागे, गर्दीच्या कडेला, माझा भाऊ. सगळ्यांचे हात वर आहेत, उघडे आहेत. त्याचा मात्र छातीशी, मूठ तशीच मिटलेली. लेकीकडे पाहता पाहता तो अक्षता टाकायच्या विसरला होता, आणि ते त्याचे त्यालाही ठाऊक नव्हते. भावाने ते पान पुष्कळ वेळ उलटले नाही. मग उठून त्याने कपाटातून ते जुने पाकीट काढले. दुसऱ्या छायाचित्रकाराच्या १०,००० समोर आम्ही दोघांनी मिळून पेन्सिलीने काट मारली होती, आणि घाटकोपरच्या त्या सज्जनाने शांतपणे ती खोडून आकडा पुन्हा लिहिला होता. भावाने ते पाकीट त्याच पानात ठेवले आणि अल्बम मिटला.

श्रोतेहो, यंदा तुमच्या घरी वही उघडेल, तेव्हा त्या कलमावर काट मारण्यापूर्वी पटाच्या पलीकडे कोण उभे असणार आहे, एवढे एकदा आठवून पाहा.