समोरच्याचं बोलणं, आपल्या तोंडून

मराठी नाटकाचा इतिहास आपण १८४३ पासून, सांगलीत झालेल्या विष्णुदास भाव्यांच्या ‘सीता स्वयंवरा’पासून सांगतो. पण त्याआधीही आपल्याकडे सोंगं होती, ललितं होती, नाथांची भारुडं होती. युरोपातही शेक्सपिअरच्या आधी नाटक होतंच. तेही भजनपूजनातून निघालं आणि रस्त्यावर आलं.

इंग्लंडमधलं यॉर्क शहर घ्या. तिथल्या नाटकांच्या गाड्यांची नोंद १३७६ पासून मिळते. एका सणाला पहाटेपासून हे गाडे निघत आणि जगाच्या उत्पत्तीपासून कयामतीपर्यंतची कथा सुमारे ४८ प्रवेशांत ठिकठिकाणी थांबून दाखवत. नट कोण? गावातले कारागीर. नूह पैगंबरांची नौका जहाज बांधणारे उभारत. येशूचं शेवटचं भोजन पाववाल्यांकडे, तर त्याला क्रूसावर चढवण्याचा प्रवेश खिळे-टाचण्या करणाऱ्यांकडे! विणकरांचाही एक प्रवेश होता. यंत्रमागांच्या भिवंडीत राहणाऱ्या मला त्याचं विशेष अप्रूप वाटतं.

खिळेवाल्यांच्या प्रवेशात शिपाई कुरकुरतात, की भोकं चुकीच्या जागी पाडलीत, आता दोर बांधून हातपाय ताणा. येशूला मानणारी माणसंच त्याला मारणाऱ्यांची वाक्यं बोलत होती. नाटक हे करायला लावतं. ज्याची बाजू आपली नाही, त्याचंही बोलणं आपल्या तोंडी येतं.

मात्र याच यॉर्कमध्ये ११९० साली ज्यूंची कत्तल झाली होती आणि १२९० मध्ये त्यांना साऱ्या इंग्लंडमधून हाकलून दिलं गेलं. नाटकात ज्यू पात्रं बोलायची, तेव्हा ‘आम्ही असे नाही’ म्हणायला गावात ज्यू वस्तीच उरली नव्हती. ती पात्रं बहुतेक खलनायकच राहिली.

आता पैठणला या. संत एकनाथांचा काळ १५३३ ते १५९९. त्यांच्या ‘हिंदू-तुर्क संवादा’त दोघं कडाकडा भांडतात. तुर्क देवांच्या कथांवर, सोवळ्याओवळ्यावर बोट ठेवतो. हिंदू विचारतो, देव सगळीकडे आहे, तर तोंड पश्चिमेलाच का? कुणी कुणाला सोडत नाही, आणि शेवटी दोघं गळाभेट घेतात.

मी मुसलमान, मराठीत कविता लिहितो. या संवादातला तुर्क मला कुठेही कच्चा वाटत नाही. माझ्या मते कारण साधं आहे. नाथांचा तुर्क शेजारी राहत होता. त्याच्या तोंडी भलतंसलतं घातलं असतं, तर त्यानं दारात येऊन जाब विचारला असता.

भिवंडीनं १९७० आणि १९८४ च्या दंगली पाहिल्या. १९८८ नंतर इथे मोहल्ला समित्या झाल्या, दोन्हीकडची माणसं एका सतरंजीवर बसून एकमेकांची गाऱ्हाणी ऐकू लागली. १९९२-९३ मध्ये मुंबई पेटली, तेव्हा भिवंडी शांत राहिली.

म्हणून माझी एक सूचना आहे. शाळेच्या स्नेहसंमेलनात हा संवाद करा, पण भूमिका बदलून. तुर्काचं बोलणं हिंदू मुलानं म्हणावं, हिंदूचं मुसलमान मुलीनं. वाक्यं नीट पाठ करावी लागतील, आणि समोर दोन्हीकडचे आईबाप बसलेले असावेत.