शेवटचे पाऊल



खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतील शिक्षण तीन वर्षांचे असते. पहाटेची कवायत, पाठीवर वजन घेऊन धावणे, पोहणे, घोडेस्वारी आणि जोडीला पदवीचा अभ्यास. शेवटच्या सत्रात शरीर थकलेले असते, मन घराकडे ओढ घेते. पण कवायत चुकत नाही, परीक्षाही टळत नाही. दीक्षान्त संचलनानंतर 'अंतिम पग' ओलांडला, की तीन वर्षांचे चीज होते. भूदलात जाणाऱ्यास पुढे डेहराडूनचे आणखी एक वर्ष असतेच!

२०२२ साली तेथे प्रथमच मुली दाखल झाल्या. ३० मे २०२५ रोजी त्यांपैकी १७ जणींनी तो अंतिम पग ओलांडला.

पालकहो, आता आपल्या घरात पाहा. दहावीला चार महिने उरले असता आपण मुलाला गॅरेजवर धाडतो, बारावीतल्या मुलीला स्थळ पाहतो. इतक्या वर्षांची मेहनत आपणच शेवटच्या पावलाअलीकडे थांबवितो. मुलांना पुढे सैनिक करा, शिक्षक करा वा दुकानदार करा. पण हाती घेतलेले शिक्षण पुरे होऊ द्या, एवढीच माझी विनंती आहे.

खुदा हाफिज.