खेळाडूचा गुडघा



माहूरच्या गडावर रेणुकामातेच्या दर्शनास आपणांपैकीं पुष्कळजण गेले असतील. पायऱ्या चढतांना दम लागतो. पण गुडघ्याची खरी परीक्षा होते ती उतरतांना. खालच्या पायरीवर पाऊल टेकतांना वाटीमागील सांध्यावर देहाच्या वजनाच्या तीनचार पट भार येतो. तरीही निकोप गुडघा आपल्या अस्तित्वाची जाणीवसुद्धां करून देत नाहीं. तो दुखावला म्हणजे मात्र समोरचें दत्तशिखर आणि अनसूयेचें शिखर एकाएकीं फार दूरचीं वाटूं लागतात.

मग ज्याचा चरितार्थच गुडघ्यावर चालतो, त्या खेळाडूची अशा वेळीं काय अवस्था होत असेल? त्याला पुन्हां उभें करणाऱ्या विद्येविषयीं, आणि मुंबईंत ती विद्या वाढविणाऱ्या एका शल्यविशारदाविषयीं आज मी चार शब्द सांगणार आहें.

प्रथम सांध्याची रचना पाहूं. मांडीचें हाड नडगीच्या हाडावर टेकलेलें असतें. दोहोंमध्यें कूर्चेच्या दोन अर्धचंद्राकार गाद्या असतात, आणि मध्यभागीं एकमेकांस छेदून जाणारे दोन चिवट अस्थिबंध असतात. त्यांतील पुढचा बंध नडगीस पुढें सरकूं देत नाहीं. कबड्डींत चढाई करणाऱ्याचा पाय पकडला गेला आणि धड मात्र वळलें, किंवा खो-खोच्या खांबाशीं वळणाऱ्या मुलीचें पाऊल जमिनींत रुतून गुडघा आंत झुकला, म्हणजे बहुधा हाच बंध तुटतो. पुष्कळदां ‘कट्’ असा आवाज होतो आणि कांहीं तासांतच गुडघा सुजतो.

पुढें घरोघर जें घडतें तें आपण जाणतांच. तेल लावून चोळतात, पट्टी बांधतात. तीनचार आठवड्यांनीं सूज उतरते आणि मूल पुन्हां मैदानावर जातें. येथेंच घात होतो. पूर्ण तुटलेला हा बंध सहसा आपोआप सांधत नाहीं. गुडघा पुनःपुन्हां सटकतो आणि त्या धक्क्यांनीं गादी फाटत जाते.

या गादीचें मोल वैद्यकासही फार उशिरां कळलें. फाटलेली गादी समूळ काढून टाकावी असाच एके काळीं रिवाज होता. १९४८ सालीं फेअरबँक या इंग्रज शल्यविशारदानें, गादी काढलेल्या सांध्यांत झिजेसारखे फरक पडतात, हें क्ष-किरण चित्रांवरून दाखविलें. तिकडे जपानांत ताकागी यांनीं १९१८ सालींच मृतदेहाच्या गुडघ्यांत दुर्बीण घालून आंतील भाग पाहिला होता. त्यांचे शिष्य वातानाबे यांनीं १९६२ सालीं दुर्बिणीच्या साह्यानें गादीचा तेवढा फाटका तुकडा काढला. मोठी चीर न देतां सांध्याच्या आंत काम करण्याची वाट अशी मोकळी झाली.

याच वाटेनें पुढें गेलेले आपल्याकडील एक शल्यविशारद म्हणजे मुंबईच्या कोकिलाबेन धीरूभाई अंबानी रुग्णालयांतील डॉ. दिनशा पारडीवाला. भालाफेकींत पुढें जगज्जेता झालेल्या नीरज चोप्राच्या कोपरावर त्यांनीं २०१९ सालीं शस्त्रक्रिया केली. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्यें ते भारतीय पथकाचे मुख्य वैद्यकीय अधिकारी होते. केवळ शस्त्र चालवून ते थांबले नाहींत. क्रिकेटमधील दुखापतींचा विस्तृत आढावा घेणारा त्यांचा व सहकाऱ्यांचा लेख २०१८ सालीं प्रसिद्ध झाला.

त्यांच्या कामाची कसोटी लागली ती ऋषभ पंत यांच्या वेळीं. ३० डिसेंबर २०२२ रोजीं रुडकीजवळ मोटारीच्या भीषण अपघातांत पंत यांचा उजवा गुडघा निखळला. ६ जानेवारी २०२३ रोजीं डॉ. पारडीवालांनीं त्याच्या तुटलेल्या बंधांवर शस्त्रक्रिया केली. त्यानंतर सुमारें साडेचौदा महिन्यांनीं, मार्च २०२४ मध्यें, पंत पुन्हां मैदानावर उतरले आणि त्याच वर्षाच्या सप्टेंबरांत चेन्नईच्या कसोटींत त्यांनीं शतक झळकाविलें.

लोकांस शस्त्रक्रिया दिसते. मधले महिने दिसत नाहींत. पुढचा बंध नव्यानें घडवितांना बहुधा रोग्याच्याच शरीरांतील कंडरा काढून तेथें बसवितात. तिच्यांत नव्या रक्तवाहिन्या हळूहळू शिरतात आणि प्रारंभीचे कांहीं महिने ती उलट दुबळीच होते. रोग्यास मात्र वेदना थांबल्यामुळें आपण बरे झालों असें वाटूं लागतें. २०१६ सालीं प्रसिद्ध झालेल्या नॉर्वेतील एका अभ्यासांत असें आढळलें कीं, नऊ महिन्यांपर्यंत खेळ जितके महिने लांबवावा, तितक्या वेळां दर महिन्यास पुनश्च दुखापतीचें प्रमाण जवळजवळ निम्मे होत जातें. म्हणून शस्त्रक्रियेइतकेंच महत्त्व मांडीच्या स्नायूंच्या नित्य व्यायामास आणि धीरास आहे.

आपण म्हणाल, मुंबईचे शल्यविशारद आणि नामांकित खेळाडू यांच्या या गोष्टी माहूर-किनवटच्या शाळकरी मुलीच्या काय कामाच्या? माझ्या मतें तिलाच त्या अधिक कामाच्या आहेत. पंतांच्या दिमतीस अनेक तज्ज्ञ होते. तिच्या दिमतीस तिची आई आणि शाळेचे व्यायामशिक्षक. त्या दोघांनीं ओळखलें तरच तिचा गुडघा वांचतो.

त्यांनीं दोनच गोष्टी ध्यानांत ठेवाव्या. खेळतांना पाय मुरगळून कांहीं तासांत गुडघा सुजला, तर तो चोळूं नये. बर्फानें शेकावा, पायास विश्रांति द्यावी आणि अस्थिरोगतज्ज्ञांस दाखवावा. त्यासाठीं मुंबई गांठण्याची गरज नाहीं. नांदेडास १९८८ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. दुसरी गोष्ट याहूनही सोपी. नॉर्वेंतील फुटबॉल खेळणाऱ्या मुलींना खेळापूर्वीं वीस मिनिटें धांवणें, उड्या, तोल सांभाळणें व योग्य रीतीनें जमिनीवर उतरणें यांचा सराव देण्यांत आला. तेव्हां एकंदर दुखापती सुमारें एकतृतीयांशानें घटल्या, असें २००८ सालीं प्रसिद्ध झालें. या सरावास ना दुर्बीण लागते, ना पैसा. माहूरच्या कोणत्याही शाळेच्या अंगणांत तो उद्यांपासून सुरू करतां येईल.